ह्यांनी स्वभाव बदलायला घेतला

मंगळवारी सकाळी हे मला म्हणाले, "चहा छान झालाय."

मी आधी गॅस बंद आहे ना ते बघितलं. मग मागे वळून बघितलं, कोणी पाहुणं येऊन बसलंय की काय. कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात मी, हे आणि भिंतीवरची पाल, एवढेच. पालीलासुद्धा धक्का बसला असणार, कारण ती टपकन ओट्यावर पडली आणि शेपूट तिथेच टाकून खिडकीतून पसार झाली. ते शेपूट मी माझ्या हाताने केरात टाकलं. टाकलं तेव्हाही वळवळत होतं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"चहा. छान झालाय."

"कुठला चहा?"

"हा. तू केलेला."

तुमची ह्यांची ओळख नाही, म्हणून तुम्हाला ह्यात काही वावगं वाटायचं नाही. ह्यांनी अख्खा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. लिफ्टचा खड्डा असतो ना, ती काळोखी विहीर, तिच्या तळाशी हे आणि पार वर मशीनरूममध्ये ह्यांचा जोडीदार. मधे ढीगभर मजले. तिथे गप्पा मारायची सोय नसते. 'वर' म्हटलं की वर, 'खाली' म्हटलं की खाली, 'थांब' म्हटलं की थांबायचं, नाहीतर माणूस चेपतो. कामावर ते ठीक होतं हो. पण हे घरी यायचे ते खड्ड्यातले खड्ड्यातच. "जेवण!" "दिवा!" "दार!" आमच्या थोरलीचा जन्म झाला तेव्हा दवाखान्यात आले, बाळाकडे बघितलं, म्हणाले, "ठीक," आणि परत कामावर गेले. इमारतीतले लोक ह्यांना पाठीमागे 'वरखाली' म्हणतात. "वरखाली आले का हो?" असं कुणी जिन्यात कुजबुजलं की पोरं बॅटबॉल काखेत मारून पळतात.

अशा माणसाने सकाळी सकाळी चहाचं कौतुक केलं. मी कप विसळता विसळता मनाशी म्हटलं, काहीतरी शिजतंय.

दुपारी समोरची शिवणवाली आली. ती पडदे शिवते, दिवसभर तिचं मशीन धडधडत असतं. एकदा ह्यांनी तिचं दार वाजवून नुसतं "बंद!" म्हटलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. ती आत येऊन दार लावून हळूच म्हणाली, "वहिनी, भाऊजींना बरं नाही का?"

"का गं? काय झालं?"

"जिन्यात भेटले. मला म्हणाले, गुडघे कसे आहेत."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी घाबरून म्हटलं, दोन आहेत."

आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण ती गेल्यापासून मी ह्यांच्यावर डोळा ठेवला.

मग मला तो फोन दिसला. म्हणजे फोन होताच, थोरलीने घेऊन दिलेला, पण हे त्याचा उपयोग टॉर्चसारखा करायचे. दिवे गेले की फोन काढायचा, दिवे आले की ठेवायचा. आता रोज आंघोळ झाली की फोन घेऊन बाल्कनीत जायचे. हात लांब धरून वाचायचे आणि ओठ हलवायचे, शाळेतल्या पोराने पाठांतर करावं तसे. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गेले की फोन खिशात.

"काय बघता हो रोज?"

"हवामान."

"काय म्हणतंय?"

"आहे."

हवामान आहे म्हणे! जसं काही एखाद्या दिवशी ते रजेवर जातं.

मी थोरलीला फोन लावला. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाबा आणि कौतुक? गेल्या आठवड्यात तू सांगितलंस तुमच्या पाण्याच्या टाकीत मासा निघाला आणि त्याने शिवणवालीची सुई गिळली."

"गिळली होती. तिला विचार."

"आई!"

"बरं, मासा राहू दे. पण हे मी थापेतलं नाही सांगत. तुझ्या गळ्याची शपथ."

तेव्हा कुठे तिला पटलं. मग आवाज बदलून म्हणाली, "हे बघ, घाबरू नकोस. पण ह्या वयात एकाएकी स्वभाव बदलला तर लक्ष ठेवावं लागतं. आमच्या लॅबला डॉक्टर येतात ते सांगत होते. विसरायचा आजार असतो ना, त्यात कधीकधी आठवणी जायच्या आधी माणसाचा स्वभावच पालटतो. चिडका माणूस मऊ होतो, मऊ माणूस चिडका. तू नुसती बघत राहा."

आता आली का पंचाईत! तोवर माझा संशय एकाच बाजूला होता. कोणीतरी बाई असणार. ह्या वयात, ह्या तोंडाने, ह्यांना कोण बाई मिळणार ते देव जाणे, पण जगात आंधळ्या बायकाही असतात. बाई असती तर मी तिला बघून घेतलं असतं. पण डोक्यातलीच एखादी वायर सुटली असेल तर कोणाशी भांडायचं?

मी ठरवलं, आधी डोकं तपासायचं.

दुसऱ्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चांगलं चमचाभर. ह्यांनी घोट घेतला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची घाटी तीनदा वरखाली झाली.

"कसा आहे?"

"वेगळा."

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे… मेहनत घेतलीस," म्हणाले आणि सगळा कप संपवला. नंतर माठाशी उभं राहून जवळजवळ अर्धा माठ प्यायले.

संध्याकाळी मी गोडगोड बोलत शेजारी बसले आणि जुन्या कामांचं विचारलं. जुन्या दवाखान्याच्या लिफ्टचा दोर कोणी बदलला? कापडवाल्याच्या इमारतीत मोटर कुठली होती? कोणत्या मजल्यावर दार अडकायचं? ह्यांनी सगळं सांगितलं. मोटर सांगितली, दोराची जाडी सांगितली, जोडीदाराने त्या दिवशी चप्पल उलटी घातली होती तेही सांगितलं. डोकं ठणठणीत! माझ्यापेक्षा बरं.

म्हणजे राहिली बाई.

तरी खात्री करायला मी शेवटचा डाव टाकला. ह्यांचा एक लाडका पाना आहे. पेटीत वेगळ्या कापडात गुंडाळून ठेवतात. एकदा जावयाने तो विचारल्याशिवाय नळाला लावला, तर ह्यांनी त्या बिचाऱ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. तोच पाना मी काढला आणि त्याने धडाधड आलं ठेचलं. आल्याच्या दोऱ्यांसकट तो ओट्यावर ठेवून दिला, हे पाणी प्यायला येतात तिथेच.

हे आले. पाना बघितला. नाकपुड्या फुगल्या. मी ओट्याची कड धरली, म्हटलं आता छत उडतंय. पण ह्यांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले, एक श्वास घेतला, दुसरा घेतला आणि डोळे उघडून म्हणाले, "कामाला आला. बरं झालं."

 मी तिथेच फरशीवर बसकण मारली. ओरडणाऱ्या नवऱ्याची सवय असते बाईला. पाना आल्यात बुडालेला बघून शांत राहणारा माणूस कोणाचा कोण, माझ्या घरात काय करतोय?

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. केसांना पाणी लावून भांग पाडला. उरलेत तेवढ्यांचा.

"कुठे निघालात?"

"जरा जाऊन येतो. तुला काही आणू का?"

ते 'तुला काही आणू का' माझ्या काळजात सुईसारखं घुसलं. अपराधी माणूसच असं विचारतो.

हे जिना उतरले तशी मी शिवणवालीकडे धावले. तिच्याकडून उरलेलं पडद्याचं कापड घेतलं, ताटाएवढ्या लाल फुलांचं, आणि डोक्यावरून गुंडाळलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दिलेला काळा चष्मा चढवला आणि निघाले. बसमध्ये हे पुढच्या दाराने, मी मागच्या. वळले असते तर त्यांना एक अख्खी खिडकी पाठलाग करताना दिसली असती. पण मला भीती नव्हती. लिफ्टवाला माणूस वर बघतो, खाली बघतो. आजूबाजूला कधी बघत नाही.

उतरले ते विद्यापीठाच्या एका चार मजली इमारतीशी. दारात एक चष्मेवाली उभी होती. आमच्या थोरलीच्या वयाची, हातात फायली, खांद्याला भलीमोठी पिशवी. ह्यांना बघून फुलली. "या काका! कसा गेला आठवडा?"

आणि हे हसले. दात दाखवून! ह्यांचे दात मी आजवर फक्त दाताच्या डॉक्टरकडे बघितले होते.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "मी लिफ्टने येते, ओझं आहे." हे जिन्याने निघाले. दुसऱ्याने बसवलेल्या लिफ्टमध्ये हे पाय ठेवत नाहीत. मी चष्मेवालीच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. म्हटलं, आता सापडलीस!

दार लागलं. लिफ्ट गुरगुरत वर निघाली, एक मजला गेला, दुसरा गेला आणि मग एक हिसका देऊन मधेच थांबली. दिवा मिचमिचला. चष्मेवालीने घंटीचं बटण दाबलं, परत दाबलं, मग माझ्याकडे बघून कसनुशी हसली.

"येतील हं कोणीतरी. तुम्ही कोणाकडे आलात, आजी?"

"मी पडदेवाली," मी अंगावरचं कापड पुढे करून म्हटलं. "वरच्या मजल्यावर खिडक्यांची मापं घ्यायची आहेत. राजवाड्यांना माझेच पडदे असतात. एका राजाने तर माझ्या पडद्यामागे लपून लढाई जिंकली होती."

"अय्या, हो?"

"मग! आणि तू काय करतेस? त्या म्हाताऱ्याशी मघाशी फार हसत होतीस."

"मी मानसशास्त्र शिकवते इथे. माणसांच्या स्वभावावर संशोधन चालतं आमचं."

"स्वभावावर कसलं संशोधन? स्वभाव म्हणजे स्वभाव. नाक असतं तसं."

"खूप जणांना तसंच वाटायचं, आजी. एकदा माणूस मोठा झाला की स्वभाव घट्ट बसला म्हणायचे. पण वर्षानुवर्षं त्याच त्याच माणसांना विचारत गेलं की दिसतं, तो थोडाथोडा हलतच असतो, म्हातारपणीसुद्धा. आता आम्ही बघतोय की माणसाने ठरवलं तर मुद्दाम हलवता येतो का."

"तो कसा?"

"आमच्याकडे येणारा स्वतःच सांगतो, मला अमुक बदलायचंय. मग आम्ही त्याच्या फोनवर रोज एक छोटंसं काम पाठवतो. नुसती इच्छा असून भागत नाही, हातून काहीतरी व्हावं लागतं."

"कसलं काम?"

"साधंच हो. घरातल्या माणसाने केलेल्या एखाद्या गोष्टीचं कौतुक करा. शेजाऱ्याची विचारपूस करा. राग आला की डोळे मिटून दोन श्वास घ्या आणि त्यातलं काहीतरी चांगलं शोधा. रोज केलं तर हळूहळू अंगात मुरेल, असा अंदाज आहे."

चहा. गुडघे. पाना.

मी लिफ्टच्या भिंतीला टेकले. खरं सांगते, बाई निघाली असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं, तिच्या झिंज्या धरता येतात. गृहपाठाशी काय भांडणार? माझ्या चहाचं कौतुक कोणा पोरीने कॉम्प्युटरवरून पाठवलं होतं आणि ह्यांनी ते बाल्कनीत पाठ करून मला म्हणून दाखवलं होतं!

"आणि नाही मुरलं तर?" मी विचारलं.

"तेच तर बघायचंय."

"तुझ्याकडे एखादा लिफ्टवाला येतो का गं शिकवणीला?"

तिने चष्मा नीट केला. "कोण येतं ते आम्ही कोणाला सांगत नाही. पण तुम्ही पडदेवाल्या ना?"

मी काही थाप लावणार तेवढ्यात ती दाराच्या फटीत बोटं घालून ते ओढायला लागली, दार खडखडलं, आणि वरून, खड्ड्यातून, आवाज आला.

"हात काढ!"

चष्मेवाली उडालीच. "काका? तुम्ही आहात?"

"दाराला हात नको! मागे! कोण आहे आत?"

"मी आणि एक पडदेवाल्या आजी!"

"दोघी मागे! हलू नका! सोडतोय!"

तो आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. किती दिवसांत तो कानावर पडला नव्हता! वर मशीनरूममध्ये ब्रेक सुटल्याचा आवाज आला, चाक करकरलं आणि लिफ्ट एखाद्या म्हातारीसारखी हळूहळू खाली सरकायला लागली. दार उघडलं. थोड्या वेळाने हे जिना उतरून आले. हात काळे, इस्त्रीच्या शर्टावर ग्रीस. माझ्याकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. काळ्या चष्म्याकडे बघितलं.

"तू," म्हणाले.

"मी."

"घरी."

मी मुकाट्याने चालू लागले. चष्मेवाली मागे तोंडावर फाईल धरून उभी होती. हसत होती की घाबरली होती, कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी पडद्याची घडी करून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "त्या दिवशी चहा छान होता, की काम होतं?"

"काम होतं."

"आणि चहा?"

"चहा रोज असतो तसा."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे… रोज असतो तसा."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन-तीन थांबे गेले. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला शिकवणी लावायला? मी कधी तक्रार केली? शेजाऱ्यापाजाऱ्यांना हसायला विषय!"

हे बोटाचं ग्रीस दुसऱ्या बोटाने पुसत बसले. मग खाली बघत म्हणाले, "जिन्यात उभा होतो. तू शिवणवालीला सांगत होतीस. वादळाची गोष्ट."

"कुठली वादळाची?"

"छप्पर उडालं, दिवे गेले. आणि हे म्हणाले, तू आहेस तोवर मला दिवा कशाला हवा." घसा खाकरला. "मी असं कधी म्हणालो?"

"नाही."

"मग?"

"गोष्टीत म्हणालात."

"तो फार चांगला बोलतो. गोष्टीतला. आधीही ऐकलंय मी त्याला. नदीच्या गोष्टीत बोलला. वाघाच्या गोष्टीत बोलला."

"अहो, तो तुम्हीच की!"

"मी नाही. मला माहीत आहे मी कसा बोलतो." मग ग्रीसचं बोट शर्टालाच पुसलं. "मला वाटलं, तुला तो पाहिजे."

 इतके दिवस मी ह्यांच्यावर पाळत ठेवून होते आणि हे त्याच्या आधीपासून माझ्यावर! माझ्या नवऱ्याला संशय कोणाचा, तर माझ्याच नवऱ्याचा.

थोरलीला सांगितलं, बाबा विद्यापीठात स्वभावाची शिकवणी लावून आलेत. ती म्हणाली, "आई, त्यापेक्षा मासा बरा होता."

कारण कळलं म्हणून संशय जातो असं थोडंच आहे! उलट वाढला. आधी एकच गोष्ट संशयाची होती, आता ह्यांचा शब्दन् शब्द. हे म्हणायचे, "आज बरी दिसतेस," की मी लगेच, "काम?" हे खाली मान घालून, "काम." दुसऱ्या दिवशी, "दमलीस का?" "काम?" "काम." खोटं बोलता येत नाही ना ह्यांना. एकदा म्हणाले, "ही साडी चांगली आहे. हे काम नव्हतं." मी म्हटलं, "पुरावा?" तो कुठून आणणार बिचारा माणूस!  त्या साडीची मजाच गेली.

थोड्या दिवसांनी चष्मेवालीचा फोन आला. हे बाजारात गेले होते.

"आजी, पडदे काय म्हणतात?"

"लोंबतायत. बोल."

"काकांनी परवानगी दिली आहे म्हणून फोन केला. आम्हाला घरातल्या एका माणसाचंही मत हवं असतं. माणूस स्वतःबद्दल म्हणतो मी पार बदललो, आणि घरच्यांना विचारलं की म्हणतात, कुठे काय! असं पुष्कळदा होतं. म्हणून मी काही प्रश्न विचारीन, तुम्ही एक ते सातमधला आकडा सांगायचा. एक म्हणजे काहीच बदल नाही, सात म्हणजे खूप."

"आणि हे आकडे त्यांना कळणार?"

"शेवटी सगळ्यांना कळतात, त्यांनी मागितले तर."

"ते मागणारच. मग मी आत्ता काही सांगत नाही."

"का हो?"

"अगं, तुझं काम कुठलं आणि माझा माणूस कुठला, हे मला वेगळं करता येत नाहीये. तुझ्याच गृहपाठाला मी गुण देऊ?"

ती हसली नाही. "अगदी हेच आम्हालाही कळत नाहीये, आजी. म्हणून उद्यापासून कामं बंद. महिनाभर त्यांना काही जाणार नाही. मग जे उरेल त्याच्यावरच आकडा द्या."

तो महिना मला फार वाईट गेला. पहिल्याच सकाळी हे टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "चहा!" मी कप आपटलाच. बाल्कनीत जाऊन फोन बघितला, तो रिकामा. तरी बघतच राहिले, मास्तर न आलेल्या वर्गात पोर बसून राहतं तसे. मला कीव आली आणि रागही आला. एकदा शिवणवालीचं मशीन जोरात सुरू झालं. हे उठले, दार उघडलं.  हे दारात उभे राहिले आणि परत आत येऊन बसले. 'बंद' म्हणाले नाहीत, पण गुडघ्यांचंही विचारलं नाही. आता ह्याला बदल म्हणायचं की थकवा?

दिवस संपत आले तसं मला जेवण जाईना. एक सांगितला तर ह्यांना कळणार, एवढं पाठांतर करून आपण नापास. पुन्हा कधी तोंड उघडायचे नाहीत. सात सांगायला मला काय, थाप मारायची मला चोरी नाही. पण ही थाप ह्यांच्या पदरात पडली असती, आणि आपण बदललो नाही हे ह्यांच्याइतकं कोणाला ठाऊक!

रविवारी आम्ही बायका जिन्याच्या चौकात बसलो होतो. लसूण सोलायला घेतली होती. शिवणवाली म्हणाली, "वहिनी, ती लिफ्टची गोष्ट सांगा ना ह्यांना."

मी म्हटलं चला, तेवढंच डोकं हलकं होईल. "अगं काय सांगू! अकराव्या मजल्यावर लिफ्ट लटकली. खाली बघितलं तर माणसं मुंगीएवढी. दोराचे सगळे पीळ तुटलेले, एकच धागा शिल्लक, तोही शिवणवालीच्या दोऱ्याएवढा. आणि तेवढ्यात वरून आवाज…"

तेवढ्यात खालून पावलं वाजली. हे बटाट्यांची पिशवी घेऊन वर येत होते. माझं तोंड आपोआप मिटलं. माझी गोष्ट कानावर पडली की हे एकच शब्द म्हणायचे, "खोटं!" आणि आत जायचे. त्या एका शब्दाने माझ्या किती गोष्टी जागच्या जागी मेल्या असतील त्याची गणती नाही.

शिवणवालीला खोडी सुचली. "भाऊजी, खरं का हो? अकराव्या मजल्यावर अडकल्या होत्या वहिनी?"

हे थांबले. पिशवी खाली ठेवली. सगळ्या बायका ह्यांच्याकडे बघत होत्या. ह्या माणसाने जन्मात कधी मजला चुकीचा सांगितला नाही. चुकीचा मजला सांगितला तर खड्ड्यात माणूस चेपतो.

"नाही," हे म्हणाले.

मी लसणीच्या पाकळीकडे बघत बसले.

"चौदाव्या."

मी मान वर केली. हे माझ्याकडे बघत नव्हते, जिन्याच्या कठड्याकडे बघत होते, आणि कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"आणि धागा पण," घसा खाकरून म्हणाले, "अर्धाच होता."

"अगं बाई! मग?"

"मग मी दातात धरला."

"दातात?"

"हात मोकळे पाहिजेत ना. ब्रेकला."  एकदा माझ्याकडे बघितलं, मग हवेत बघितलं आणि एकदम म्हणाले, "खाली मगर होती."

सगळ्या बायका खो खो हसल्या. मगर जरा जास्त झाली होती. दाताशीच थांबायला हवं होतं, पण नवशिक्याला थांबायचं कळत नाही. हे ताडताड घरात गेले, दार लावून घेतलं. मग दारामागून ओरडले, "बटाटे!"

मी पिशवी उचलून आत नेली. बटाटे धुवायला घेतले.  पण मला आतून एकच खात्री करून घ्यायची होती आणि ती ह्यांना विचारून होण्यासारखी नव्हती.

चष्मेवालीचा फोन आला तेव्हा हे आतल्या खोलीत पेटी आवरत होते. म्हणजे आवरायचं सोंग करत होते, कारण पान्यांचा आवाज एकदम बंद झाला.

"आजी, आता तरी आकडा देणार ना?"

"आधी मला एक सांग. तुझी ती फोनवरची कामं आहेत ना, त्यात 'बायकोच्या थापेत आपली थाप मिसळा' असं काही काम आहे का?"

"काय?"

"बघ ना नीट. 'बायको थाप मारत असेल तर तिला वाढवून द्या.' असं काहीतरी."

पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू येत होती. "नाही हो. असं काही नाही आमच्याकडे. आणि काकांना तर महिनाभर काहीच गेलेलं नाही."

"नक्की? परत बघ."

"बघितलं परत. नाही."

"कुठल्याच माणसाला नाही पाठवलं?"

"कोणालाच नाही, आजी. असं काम सुचलंच नव्हतं कोणाला."

आतल्या खोलीत अजून सामसूम होती.

"मग लिही," मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "सहा."

"सहा! बरेच आहेत की. सात का नाही, विचारू?"

"एक मगरीचा कापला," मी म्हटलं. आणि आतून पेटीचं झाकण धाडकन बंद झालं.